संकलन : कात्रीकाकू

कॉलेजची हार्ड डिस्क, ग्रंथालयाचं एक जाडजूड पुस्तक आणि गळ्यात अडकवायचं ओळखपत्र, एवढं परत करायला लेक निघाली होती. वस्तू आईच्या. ओळखपत्रावर आईचा फोटो होता. फोटोसाठी तिने चष्मा काढून ठेवला होता, त्यामुळे मान ताठ होती खरी, पण नजर कॅमेऱ्याच्या जरा शेजारी लागलेली. खाली छापलं होतं, 'प्रथम वर्ष, चित्रपट आणि माध्यम अभ्यास'.

लेक शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासायची. छापलेल्या ओळीत चूक शोधणं हा तिचा पोटापाण्याचा धंदा. या ओळीत तिला चूक सापडली नाही. नातवंडांना शाळेतून आणायच्या वयात आई खरोखरच प्रथम वर्षाला होती, आणि प्रथम वर्षाला असतानाच ती गेली.

झालं होतं असं की आईचं शिवणाचं दुकान कॉलेजच्या समोरच, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर, जिन्याला लागून. फिल्म शिकणारी पोरं कपडे आखूड-लांब करून घ्यायला तिच्याकडे यायची. एकदा त्यांनी तिला आपली फिल्म बघायला बोलावलं. आई बघून आली आणि दुसऱ्या दिवशी पोरं दिसताच म्हणाली, "काय रे, दार उघडताना त्या बाईच्या झग्याचा काठ उसवलेला होता. आत पाऊल टाकलं तर शिवलेला! मधल्या मधे शिवला कोणी? मी तर नाही शिवला."

पोरं हसून हसून लोळली. त्यातला एक म्हणाला, "काकू, तुम्ही शिकायलाच या आमच्यात."

तो बोलला चेष्टेत. आईने घेतलं मनावर. एकीकडे दुकान आवरायला काढलंच होतं. सुईचं नेढं दिसेनासं झालं होतं आणि मशीनवर बसलं की पाठ बोलायची.

"नेढं दिसत नाही मान्य," ती लेकीला म्हणाली, "पण भिंतीएवढा पडदा दिसतो ना?"

वर्गात पहिल्याच आठवड्यात तिचं बारसं झालं. पहिल्या वर्षाच्या फिल्मच्या शेवटी कोणी आपलं खरं नाव लावायचं नाही, ते पुढच्या वर्षी कमवायचं, अशी त्या विभागाची जुनी रीत. तोवर सगळी कामं टोपणनावावर. एकीचा आवाज तीन वर्गांपलीकडे पोचायचा म्हणून ती भोंगा. एक जण परीक्षेलासुद्धा डोक्यावरची टोपी काढत नसे, म्हणून तो टोपी. आणि कंपासपेटीत पेनाऐवजी कात्री निघाली म्हणून आई कात्रीकाकू. भोंगा दिग्दर्शन करणार, टोपी कॅमेरा धरणार आणि कात्रीकाकू संकलन करणार, असं तिघांचं त्रिकूट जमलं.

संकलनाचा तिचा पहिला अभ्यास मात्र सपशेल आपटला. एक माणूस येतो, खुर्चीवर बसतो, पत्र वाचतो, उठून जातो, एवढंच जोडायचं होतं. आईने प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना थोडं थोडं जादा ठेवलं. माणूस यायच्या आधी खुर्ची नुसतीच दिसत राहायची, तो गेल्यावरही नुसतीच दिसत राहायची. संकलन शिकवणाऱ्या मॅडमनी ते शांतपणे पाहिलं आणि विचारलं, "हे असं का ठेवलंत?"

"माया ठेवली," आई म्हणाली.

शिवणाऱ्यांच्या भाषेत माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जादा कापड. अंग भरलं, पोटात बाळ आलं, धाकटीचा कपडा थोरलीला द्यायची वेळ आली, की शिवण उसवायची आणि मायेतून कपडा वाढवायचा. माया न ठेवता शिवणाऱ्याला आई शिंपी म्हणायची नाही, कसाई म्हणायची.

मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "तुकडे चांगले निवडलेत. पण फिल्म ढिली झाली. बघणाऱ्याच्या अंगाला बसत नाही."

त्या संध्याकाळी आई घरी आली ती जिंकून आल्यासारखी. पर्ससुद्धा खाली न ठेवता म्हणाली, "ऐकलंस का? मला ढिलं झालंय म्हणाली!"

"मग एवढी खूश कशाने झालीस?"

"अगं, जन्मभर बायकांनी येऊन एकच रडगाणं गायलं, घट्ट झालं, घट्ट झालं. ढिलं म्हणणारी ही पहिलीच भेटली." मग खुर्चीत बसून, जरा वेळाने, "बाई हुशार आहे. पहिल्या दिवशी मला खुर्ची दिली होती, त्यावरून वाटलं, आता ही माझ्या चुका काढणार नाही, नुसती पाया पडेल. पण नाही. सरळ सांगितलं, पुन्हा करून आणा."

आईने पुन्हा करून नेलं. दोनदा. मॅडमनी तिला दाखवलं की संगणकावर कापलेला तुकडा फेकला जात नाही, तो जोडाच्या मागे दुमडलेला राहतो आणि टोक धरून ओढलं की उलगडतो. "जादा ठेवा, पण आत ठेवा," मॅडम म्हणाल्या. "वरून दिसता कामा नये."

"म्हणजे मायाच की! मग हे आधी नाही का सांगायचं?" आई म्हणाली, आणि त्यानंतर तिचं जे चाललं त्यात घरातल्यांच्या नाकी नऊ आले. टीव्हीवर कोणाचा संसार मोडत असला, तरी हिचं लक्ष जोडाकडे. "बघ, आता तिच्या तोंडावर जाईल... गेला! आता दाराचं हँडल दाखवेल... दाखवलं! शिंचा, हँडल कशाला दाखवतो, दार वाजलेलं ऐकू येतंय ना आम्हाला?" लेकीने रिमोट उचलला की म्हणायची, "थांब, अभ्यास चाललाय." परीक्षेच्या आदल्या दिवशी लेकीने तिची उत्तरं पाठ करून घेतली. लहानपणी आईने तिच्याकडून पाढे करून घेतले होते, तशीच, ओट्याशी उभं राहून. आई चुकली की स्वतःच स्वतःच्या डोक्यात टप्पल मारून घ्यायची.

सहामाहीला त्रिकुटाने फिल्म करायला घेतली, 'जिना'. आईच्या दुकानालगतचा तो लाकडी जिना आणि त्यावरून चढणारी माणसं. बोलणं नाही, गाणं नाही, नुसते पायांचे आवाज. दोन-दोन पायऱ्या टाकणारा कुरिअरवाला, चपला हातात घेऊन उशिरा घरी येणारी पोरगी, गॅसचं सिलिंडर खांद्यावर घेतलेला माणूस, आणि शेवटी दर वळणावर थांबून कठड्याशी दोन शब्द बोलावेत तसे श्वास घेणारे वरच्या मजल्यावरचे म्हातारेबुवा. आईने ती फिल्म बेतून पुरी केली, मॅडमना द्यायच्या आधी एकदा डोळ्यांखालून घालू म्हणून बाजूला ठेवली, आणि त्याच आठवड्यात हृदयाने दगा दिला.

लेक कॉलेजात पोचली तेव्हा संकलनाच्या खोलीत भोंगा आणि टोपी दोघंही होते. दोघं एकदम उठून उभे राहिले. टोपीने चक्क टोपी काढली. त्याचे कान केवढे आहेत ते तेव्हा कळलं.

"ताई, बसा ना," भोंगा म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक होता की टोपीनेही वळून बघितलं. "तुम्हाला दाखवायचंच होतं. काकूंसाठी केलंय आम्ही."

टोपीने पडद्यावर एक चित्र लावलं. काळी चौकट, तळाशी मेणबत्ती, मधे ओळखपत्रावरचाच आईचा फोटो, आणि खाली वळणदार अक्षरांत, 'कात्रीकाकूंना भावपूर्ण श्रद्धांजली'.

"सुरुवातीलाच येणार हे," टोपी म्हणाला. "सगळे उभे राहतील."

लेकीने ते नीट वाचलं. सवयीने ऱ्हस्व-दीर्घसुद्धा बघितलं. एक चूक नव्हती.

"छान केलंय," ती म्हणाली. "आणि शेवटी? संकलन म्हणून कुणाचं नाव?"

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. मग भोंग्याने हळूहळू सगळं सांगितलं. दुसऱ्या मजल्यावरच्या बाई ओल्या केसांनी, बाहीला ठिगळ लावलेल्या घरच्या झग्यात पाणी घेऊन जिना चढतात, तो फिल्ममधला चांगला मोठा तुकडा होता. तेव्हा बाई हो म्हणाल्या होत्या. आता म्हणत होत्या, त्या अवतारात मला पडद्यावर दाखवलंत तर बघा. त्यांच्या मनाविरुद्ध दाखवणं बरं नाही. तुकडा काढला, तर मधे भोक पडलं आणि फिल्म पाच मिनिटांच्या खाली गेली. पाच मिनिटांहून कमी फिल्म परीक्षक हातातही धरत नाहीत.

"म्हणजे नवीन काहीतरी शूट करून घालावं लागणार," टोपी म्हणाला. "आणि मॅडमचा नियम आहे, शेवटचा हात ज्याचा, संकलन त्याचं. मग मला करावं लागेल. म्हणून म्हटलं, काकूंचं नाव निदान..." त्याने मेणबत्तीकडे बोट दाखवलं.

दुःखाला लेक घरी पुरेसं सामोरी गेली होती, इथे ते बाहेर काढायचा तिचा विचार नव्हता. तिला फक्त एवढं दिसत होतं की या चौकटीसमोर सगळे उभे राहतील, हात जोडतील आणि बसतील. कोणी चूक काढणार नाही. श्रद्धांजलीत चुका काढत नाहीत. आणि आई, जिला 'ढिलं झालंय' हे ऐकून त्या दिवशी पर्स खाली ठेवायचीही शुद्ध राहिली नव्हती, ती त्या मेणबत्तीमागे नुसती बसून राहील, कॅमेऱ्याच्या शेजारी कुठेतरी बघत.

"हे काढा," लेक म्हणाली.

"ताई, आवडलं नाही का?"

"आवडलं. काढा. आणि मला काकूंचं काम उघडून दाखवा."

टोपीने उघडून दाखवलं. पडद्यावर रंगीत पट्ट्या एकीला एक लागून शिवल्यासारख्या पसरल्या. लेकीला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तिने विचारलं, "ह्यातली एखादी पट्टी टोकाला धरून ओढली तर?"

"ओढा ना."

लेकीने कुरिअरवाल्याची पट्टी धरली आणि जराशी ओढली. ती वाढली. कुरिअरवाला वळणाआड गेल्यावर जिना क्षणभर रिकामा राहिला आणि वरून दार वाजल्याचा आवाज आला. तिने पुढची धरली, तीही वाढली. सिलिंडरवाला खांदा बदलण्याआधी जिन्याखाली थांबून वर बघतो, ते आत दुमडलेलं होतं. एकही पट्टी अशी नव्हती जिच्या दोन्ही कडांना आईने मुबलक ठेवलं नव्हतं.

"बाप रे," टोपी म्हणाला. "म्हणून काकू मला कॅमेरा बंदच करू द्यायच्या नाहीत! मी म्हणायचो, काकू, कट झालं. तर म्हणायच्या, चालू राहू दे, कापडाला काय तोटा?"

"मॅडमना बोलवा," लेक म्हणाली.

मॅडम आल्या. बारीक बांध्याच्या, चष्मा केसांत खोचलेला. त्यांनी आधी लेकीचा हात हातात घेतला. मग सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, "नियम मी माणसं बघून केलेला नाही. फिल्मवर नाव असतं ते ज्याने ठरवलं कुठे सुरू, कुठे बंद, त्याचं. आता टोकं बदलणार म्हणजे ठरवणारा बदलला."

"मॅडम, आमच्या दुकानावर एकच पाटी होती, आईच्या नावाची," लेक म्हणाली. "आई बेतायची. शाळेतून आल्यावर मी काज-बटण करायचे, तुरपाई करायचे. गिऱ्हाईक जाड झालं तर शिवण उसवून माया सोडायचे. पण म्हणून तो कपडा मी शिवला असं कोणी म्हटलं नाही. मीसुद्धा नाही म्हटलं. नवीन कापड लावलं तर गोष्ट वेगळी. इथे नवीन काही नाही. जे वाढेल ते तिनेच आत ठेवलेलं आहे."

मॅडमनी केसांतला चष्मा काढून डोळ्यांवर घेतला. "एकही तुकडा हलवायचा नाही?"

"नाही."

"बाहेरचं काही घालायचं नाही?"

"नाही."

"बसा," मॅडम खुर्ची ओढत म्हणाल्या. "जादा ठेवा, पण आत ठेवा, हे मीच सांगितलं होतं त्यांना. बघू, शिष्येने किती ऐकलं."

मग चौघं त्या खोलीत बसले आणि शिवणी उसवायला लागले. टोपी ओढायचा, भोंगा ऐकायची, मॅडम 'बास' म्हणायच्या. चपला हातात घेतलेली पोरगी पायरीवर जरा जास्त थबकली, कुरिअरवाला जरा उशिरा उगवला. बाईंच्या जाण्याने पडलेलं भोक दोन्हीकडच्या कापडाने ओढून घेतलं, आणि खरं सांगायचं तर तिथे कधी बाई होत्या हे कोणाला सांगूनही पटलं नसतं.

उरला शेवटचा तुकडा. म्हातारेबुवा शेवटच्या वळणावर जातात, टाच दिसेनाशी होते आणि संपतं. टोपीने टोक धरून ओढलं. रिकामा जिना. कठड्यावरचं ऊन. वर कुठेतरी किल्ली फिरल्याचा आवाज. आणि मग, कॅमेऱ्याच्या अगदी जवळून, आईचा आवाज. "झालं नाही रे अजून. राहू दे थोडं. त्यांना घरात तर पोचू दे."

भोंग्याने तोंडावर हात दाबून धरला होता.

"हे ठेवू या," टोपी म्हणाला. "मॅडम, ठेवू या ना? शेवटी काकूंचाच आवाज. लोक रडतील."

मॅडमनी लेकीकडे बघितलं.

लेकीला तो आवाज आणखी एकदा ऐकायचा होता. आणखी पुष्कळ वेळा ऐकायचा होता. पण ती पट्टीकडे बघत राहिली. आईने हे ऐकलं होतंच की. याच खुर्चीत बसून, हेडफोन लावून ऐकलं होतं, आणि मग स्वतःला आत दुमडून टाचेपाशी शिवण घातली होती. बिनबोलण्याच्या फिल्ममध्ये बोलणारी एकटीच उरली असती तर तिने स्वतःलाच टप्पल मारली असती.

"किल्लीच्या आवाजापर्यंत सोडा," लेक म्हणाली. "त्याच्या पुढे नाही. त्याच्या पुढे तिने स्वतःला कापलंय."

मॅडमनी मान डोलावली. "बास," त्या म्हणाल्या, आणि टोपीने हात काढला. फिल्म पाच मिनिटं ओलांडून उभी राहिली. मग मॅडमनी स्वतः कीबोर्ड पुढे ओढला आणि शेवटच्या पाटीवर टाइप केलं, 'संकलन : कात्रीकाकू'. लेकीला म्हणाल्या, "तपासून घ्या. तुमचा धंदा आहे."

"बरोबर आहे," लेक म्हणाली.

वर्षाअखेरीस मोठ्या सभागृहात सगळ्या फिल्म दाखवल्या गेल्या. बाहेरून एक परीक्षक आले होते. शिस्तीचे, टाचणं काढणारे, प्रत्येक फिल्मनंतर पोरांची हजेरी घेतल्यासारखे प्रश्न विचारणारे. लेक मागच्या रांगेत बसली होती. पडद्यावर मेणबत्ती नव्हती, चौकट नव्हती, एकदम लाकडी पायरी आली आणि तिच्यावर कुरिअरवाल्याचा बूट आदळला. पहिल्या रांगेतलं कोणीतरी दचकलं. सिलिंडरवाल्याने खांदा बदलला तेव्हा लेकीच्या शेजारच्या अनोळखी माणसाने स्वतःचा खांदा हलवला. तिने तो हलताना पाहिला आणि अंधारात तिला हसू आलं. बघणाऱ्याच्या अंगाला बसली होती.

म्हातारेबुवा वळले, किल्ली फिरली, पाट्या आल्या, दिवे लागले, टाळ्या झाल्या. भोंगा आणि टोपी पुढे जाऊन उभे राहिले. परीक्षकांनी कागद चाळले.

"दिग्दर्शनाबद्दल नंतर बोलू. या कात्रीकाकू कोण? संकलन कुणाचं आहे?"

भोंग्याने तोंड उघडलं. अख्ख्या इमारतीला पुरणारा तो आवाज कुठे गेला कोण जाणे. "सर, त्या... नाहीत."

"गैरहजर? परीक्षेच्या दिवशी?" परीक्षकांनी नाराजीने मान हलवली. "बरं, निरोप द्या कोणीतरी. हात चांगला आहे. कुठे थांबायचं ते समजतं, पहिल्या वर्षाला हे सहसा नसतं. पण तो म्हातारा गेल्यावर रिकामा जिना जरा जास्त राहिलाय. ढिलं होतंय तिथे. पुढच्या वर्षी तेवढं आवरा म्हणावं."

पोरांना काय करावं कळेना. मॅडम पहिल्या रांगेतून उठायला लागल्या, बहुधा सगळं खरं सांगायला. पण त्यांनी मागे वळून बघितलं आणि लेक उभी राहिलेली दिसली तशा त्या पुन्हा बसल्या.

"सांगते," लेक म्हणाली.

"तुम्ही कोण?"

लेकीची मान ताठ होती आणि नजर सरळ परीक्षकांवर होती.

"मी त्यांच्याकडे काज-बटण करते," ती म्हणाली.